न दुखणारे दुखणे

मराठीत आजाराला दुखणे म्हणतात. 'त्याचे दुखणे लांबले', 'ती दुखण्यातून उठली', 'घरात दुखणाईत माणूस आहे' अशा प्रयोगांत शरीराचे बिघडणे आणि त्या बिघाडाची जाणीव यांत भाषेने भेद केलेला नाही. जे बिघडेल ते दुखेल आणि जे दुखते ते बिघडलेले असेल, असा एक जुना विश्वास या शब्दामागे उभा आहे. संस्कृतातील 'वेदना' हा शब्द याच्याही पुढे जातो. विद् म्हणजे जाणणे. वेद, विद्या, निवेदन आणि वेदना ही एकाच धातूची अपत्ये. वेदना म्हणजे मुळात कळणे; पुढे अर्थसंकोच होऊन ते दुःखाचे कळणे झाले. मराठीतही कळ येते आणि कळते. व्युत्पत्तीच्या वादात न शिरताही या दोन शब्दांचे कानाला जाणवणारे सख्य अर्थपूर्ण आहे असे म्हणता येईल. एकंदरीत या भाषांच्या समजुतीप्रमाणे रोगाचा पहिला साक्षी रोगीच असतो. वैद्य नंतर येतो, विचारतो, नाडी पाहतो आणि रोग्याने आधीच जाणलेल्या गोष्टीला नाव देतो.

अलीकडच्या वैद्यकाने हा क्रम एका ठिकाणी पार उलटा केला आहे. ते ठिकाण म्हणजे शस्त्रक्रियेनंतरचे पहिले दोन-तीन दिवस. शस्त्रक्रिया हृदयाची नव्हे. खुब्याच्या हाडाची, आतड्यातील गाठीची, गर्भाशयाची. अशा वेळी रक्तस्राव, भूल, रक्तदाबाचे चढउतार आणि शरीराला बसलेला एकूण धक्का यांचा ताण हृदयाच्या स्नायूवर पडतो व कित्येकदा त्याला इजा होते. इजा झालेल्या पेशींतून ट्रोपोनिन नावाचे प्रथिन रक्तात उतरते. सेत्सुरो एबाशी या जपानी शास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात ओळखलेले हे प्रथिन स्नायूच्या आकुंचनाचे नियमन करते. हृदयाच्या स्नायूतील त्याचा प्रकार इतर स्नायूंतील प्रकाराहून वेगळा ओळखता येतो, म्हणून ते रक्तात सापडले की हृदयाला काहीतरी झाले असे समजावे. ज्यांना बायोमार्कर म्हणतात अशा सूचक द्रव्यांपैकी हे एक प्रमुख द्रव्य होय.

कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठातील पी. जे. डेव्हरो व त्यांचे सहकारी यांनी 'व्हिजन' या नावाने केलेल्या निरीक्षणात पंचेचाळीस व त्याहून अधिक वयाचे, शस्त्रक्रियेसाठी किमान एक रात्र रुग्णालयात राहिलेले लोक घेतले होते. ज्या देशांत हे काम झाले त्यांत भारतही होता. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या भागात २१,८४२ रुग्ण होते. शस्त्रक्रियेनंतर ट्रोपोनिनचा सर्वांत वरचा आकडा एका लिटरमागे पाच नॅनोग्रॅमच्या आत राहिला त्यांच्यापैकी महिनाभरात हजारी एक दगावला. आकडा वीस ते पासष्टच्या दरम्यान गेला तेथे शंभरी तीन, पासष्ट ते हजारच्या दरम्यान नऊ, आणि हजारच्या वर जवळजवळ तीस. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. इतक्या सूक्ष्म मापात माणसाच्या जगण्यामरण्याचा अंदाज बांधता यावा, हे चकित करणारे आहे. परंतु नीतिविचाराच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची गोष्ट त्याच अभ्यासात वेगळ्या ओळीत आहे: ज्यांच्या हृदयाला अशी इजा झाली होती त्यांच्यापैकी ९३ टक्क्यांना छातीत दुखणे किंवा धाप लागणे यांसारखे इजेचे कोणतेही लक्षण जाणवले नव्हते. भुलीचा अंमल, वेदनाशामक औषधे आणि ताज्या जखमेचा ठणका यांच्या गलबल्यात हृदयाचा आवाज बुडून जातो. रक्त तपासले नसते तर ही गोष्ट कोणालाच कळली नसती. हे न दुखणारे दुखणे आहे. ज्याच्या देहात ते घडले त्यालाच त्याची वार्ता नाही.

१९७७ साली ली गोल्डमन व सहकाऱ्यांनी १,००१ रुग्णांच्या निरीक्षणावरून हृदयाला असणाऱ्या धोक्याची नऊ निकषांची गुणपद्धती मांडली होती. तिच्यात वय, पूर्वी येऊन गेलेला झटका, मानेच्या फुगलेल्या शिरा, कानाला ऐकू येणारा हृदयाचा जादा ठोका अशा गोष्टी होत्या. त्या विचारून, पाहून, ऐकून मिळत. म्हणजे रोग्याची हकीकत तेथे अजून शिल्लक होती. ट्रोपोनिनच्या आकड्यात हकीकत उरलेली नाही. रुग्णाला न विचारता त्याच्याविषयी सर्वांत गंभीर विधान करता येते. अशा ज्ञानाचा धनी कोण, आणि ते ज्याच्यापाशी आले त्याच्यावर काय बंधन येते, हा येथला प्रश्न आहे.

या ज्ञानाचे स्वरूप आधी स्पष्ट व्हावयास हवे. न्यायशास्त्रातील अनुमानाचे नेहमीचे उदाहरण पर्वतावरच्या धुराचे आहे. धूर हे लिंग, अग्नी हे साध्य, आणि जेथे धूर तेथे अग्नी ही व्याप्ती. व्याप्तीला अपवाद सापडला की अनुमान ढासळते. ट्रोपोनिन हे लिंग आहे, पण इजेपासून मृत्यूपर्यंत जाणारी व्याप्ती त्याला नाही. ऐंशीच्या आकड्याचे शंभर लोक ओळीने उभे केले तर त्यांतील नऊ महिन्याभरात नसतील एवढेच सांगता येते. ते नऊ कोण, हे सांगता येत नाही. उरलेल्या एक्याण्णवांच्या बाबतीत हा धूर अग्नीवाचूनचाच ठरतो. विधान समुदायाविषयी असते आणि ते ऐकणारा मात्र एकटा असतो. त्याच्या मनात 'शंभरी नऊ' असे काही नसते. त्याच्या लेखी मरणे असते किंवा जगणे असते. संख्याशास्त्राचे वाक्य खाटेवरच्या माणसाला सांगताना त्याचे व्याकरणच बदलते, आणि बदललेल्या वाक्याची जबाबदारी संख्याशास्त्रावर टाकता येत नाही.

मृत्यूच्या पूर्वज्ञानाविषयी भारतीय वैद्यकाने फार पूर्वी विचार केलेला आहे. चरकसंहितेचे संपूर्ण इंद्रियस्थान, म्हणजे बारा अध्याय, अरिष्टलक्षणांना दिलेले आहेत. वर्ण, स्वर, छाया, स्वप्ने, इतकेच नव्हे तर वैद्याला बोलवायला आलेल्या दूताची अवस्थाही त्यात येते. त्या लक्षणांपैकी किती आज टिकतील हा भाग निराळा. लक्षणे जाणल्यावर वैद्याने काय करावे हेही तेथे सांगितले आहे, आणि ते अधिक टिकाऊ आहे. विचारल्याशिवाय मरण सांगू नये. जेथे सांगितल्याने रोग्याला किंवा दुसऱ्या कोणाला अपाय होईल तेथे जाणत असूनही बोलू नये, असा त्याचा आशय आहे. विमानस्थानात शिष्याला दीक्षा देतानाच्या उपदेशातही हीच गोष्ट येते. या मौनामागे करुणा आहे हे खरे. तथापि त्याच संहितेत असाध्य रोगावर उपचार करणाऱ्या वैद्याच्या धनाची, विद्येची व यशाची हानी होते, असाही इशारा आहे. ग्रीकांचा हिप्पोक्रेटीसच्या नावावरील भाकितविषयक ग्रंथही याच सुरात सुरू होतो: कोण वाचेल आणि कोण मरेल हे जो आधी ओळखतो आणि सांगतो त्याच्यावर दोष येत नाही. दोन्ही परंपरांत भाकिताचे एक टोक रोग्याच्या हिताकडे आणि दुसरे वैद्याच्या कीर्तीकडे असे बांधलेले दिसते. आजच्या शल्यचिकित्सकाच्या कामगिरीचा हिशेब जेथे मृत्यूंच्या टक्केवारीवर मांडला जातो तेथे हे दुसरे टोक अधिकच ताणले जाते. ज्याचा आकडा वाईट त्याला टेबलावर न घेणे हा आपली टक्केवारी राखण्याचा सर्वांत सोपा उपाय असतो, आणि त्याला 'रुग्णाच्या हितासाठी' असे म्हणणेही सोपे असते.

महाभारताच्या आदिपर्वातील एक प्रसंग या बाबतीत अतिशय बोलका आहे. कीर्तनांतून आणि बालवाङ्मयातून तो बहुधा घाईने सांगितला जातो, हे त्याचे दुर्दैव. तक्षक सातव्या दिवशी दंश करील असा शाप परीक्षिताला मिळालेला आहे. त्या दिवशी कश्यप नावाचा विषवैद्य राजाला वाचवण्यासाठी निघाला असता वाटेत त्याला तक्षक गाठतो. विद्येची परीक्षा होते. तक्षक एका वटवृक्षाला डसून त्याची राख करतो आणि कश्यप तो वृक्ष पुन्हा पानाफांद्यांसह उभा करतो. म्हणजे विद्या खरी आहे. राजा वाचू शकतो. तेव्हा तक्षक त्याला धन देऊ करतो आणि राजाचे आयुष्य संपत आल्याचीही आठवण देतो. कश्यप ध्यान लावतो, राजाचे आयुष्य खरोखरच क्षीण झाले आहे असे दिव्यज्ञानाने जाणतो, धन घेतो आणि परत फिरतो.

या कथेत कश्यपाने असत्य काही जाणले नाही. त्याचे भाकीत अचूक ठरले. पण ते अचूक ठरण्यात त्याच्या परत फिरण्याचा वाटा किती, हा प्रश्न महाभारतकार मोकळा ठेवतात, आणि येथेच ही कथा शस्त्रक्रियेनंतरच्या प्रयोगशाळेपर्यंत येऊन पोहोचते. ज्याच्याविषयी 'हा वाचणार नाही' असे ठरले त्याच्याकडे कमी पाहिले गेले, तर तो खरोखर वाचत नाही आणि भाकिताची पत वाढते. मृत्यूच्या शक्यतेचा कोणताही आकडा या आवर्तापासून सुरक्षित नाही. उलट त्याच आकड्याने वैद्य खाटेजवळ अधिक वेळ थांबला, दर काही तासांनी रक्तदाब पाहिला गेला, रक्त कमी पडते आहे का हे तपासले गेले, तर भाकीत चुकण्याची शक्यता वाढते. आणि ज्याने भाकीत केले त्याने ते चुकावे अशीच इच्छा धरावयास हवी. ज्योतिषी आणि वैद्य यांच्यातला भेद शोधायचा तर तो येथे सापडेल.

सांगण्याचा प्रश्न यानंतर येतो. बहात्तर वर्षांची एक स्त्री, पडून खुब्याचे हाड मोडलेले, शस्त्रक्रिया उत्तम झालेली, अशी कल्पना करावी. दुसऱ्या दिवशी ती उशीला टेकून चहा पिते आहे. तिचा ट्रोपोनिनचा आकडा ऐंशी आला आहे. बाहेर मुलगा डॉक्टरांना विनवतो, 'आईला काही सांगू नका. ती धास्ती घेईल.' मराठी घरांतून, किंबहुना भारतभरच्या घरांतून, हे वाक्य इतक्या वेळा उच्चारले गेले आहे की ते खोटे आहे असे एकदम म्हणवत नाही. सावित्रीनेही हेच केले. सत्यवानाचे आयुष्य वर्षभराचे आहे हे नारदाने सांगितले ते तिच्यासमोर. सत्यवानाला तिने वर्षभर कळू दिले नाही. वनात लाकडे फोडताना त्याचे डोके दुखू लागले तेव्हा त्याला पहिली वेदना झाली, आणि तोवर वर्ष संपले होते. तिला कळले आणि त्याला दुखले यांत एका वर्षाचे अंतर आहे. हे मौन आपण वडाला दोरा गुंडाळून पूजनीय मानतो. मात्र सावित्री गप्प राहून घरी बसली नाही, हे त्या मौनाचे सगळे समर्थन आहे. तिने दिवस मोजले, तीन रात्रींचे व्रत धरले, आणि नेमक्या दिवशी हट्टाने त्याच्याबरोबर वनात गेली. मुलाने मागितलेले मौन या जातीचे आहे की नाही, हे त्याच्या शब्दांवरून ठरत नाही. पुढच्या तीस दिवसांतल्या त्याच्या वागण्यावरून ते ठरेल.

याच्या उलट परीक्षिताची कथा. त्याला शापाची वार्ता मुद्दाम कळवण्यात आली. शाप देणाऱ्या शृंगीचा पिता शमीक याने शिष्य पाठवून ती कळवली, आणि राजाने सावध व्हावे हा त्याचा हेतू होता. पण कळल्यावर काय केले याविषयी परंपरा दोन गोष्टी सांगते. महाभारतातला परीक्षित एका खांबावरचा महाल बांधतो, भोवती मांत्रिक आणि औषधे गोळा करतो. आणि तक्षक फळातल्या किड्याच्या रूपाने आत येतो. भागवतातला परीक्षित राज्य सोडून गंगेच्या काठी बसतो आणि ऐकतो. एकाच वार्तेची ही दोन फळे आहेत, आणि दोन्ही मानवी आहेत. ज्याला सांगितलेच नाही त्याला खांब उभारण्याचीही मुभा नाही आणि नदीकाठी बसण्याचीही नाही. त्या चहा पिणाऱ्या स्त्रीला कदाचित बहिणीला बोलावून घ्यायचे असेल, कोणाचे दागिने कोणाला हे सांगायचे असेल, किंवा तिला काहीच ऐकायचे नसेल. यांपैकी काय, हे तिला विचारल्याखेरीज कळण्याचा मार्ग नाही. 'अजून काही तपासण्या आल्या आहेत; त्यांविषयी जाणून घ्यावेसे वाटते का?' एवढा प्रश्न विचारता येतो. न विचारता सांगू नये या चरकाच्या वचनातील 'विचारणे' हे रोग्याकडून यायचे होते. पण त्या काळच्या रोग्याला आपल्याला काहीतरी झाले आहे हे ठाऊक असे. त्याला दुखत असे. ज्याला दुखतच नाही तो काय म्हणून विचारणार? म्हणून न दुखणाऱ्या दुखण्यात विचारण्याचा पहिला भार वैद्यावर येतो, असे मानणे भाग आहे.

सांगण्याच्या विरुद्ध एक अधिक वजनदार आक्षेप आहे. ज्यावर ठोस उपाय नाही ते कळून काय करायचे? हा आक्षेप दहा-पंधरा वर्षांपूर्वी जितका बळकट होता तितका आता राहिलेला नाही, पण तो पूर्णतः गेलेलाही नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, शस्त्रक्रियेनंतर हृदयाला इजा झालेल्या १,७५४ लोकांपैकी निम्म्यांना डॅबिगट्रान हे रक्त गोठू न देणारे औषध दिले गेले. रक्तवाहिन्यांसंबंधीची मोठी गुंतागुंत औषध न घेणाऱ्यांत शंभरी पंधरा होती, ती घेणाऱ्यांत अकरावर आली. किरकोळ रक्तस्राव वाढला; आणि निम्म्याच्या जवळपास लोकांनी औषध मध्येच सोडले. उपाय आहे, पण तो शंभरात चौघांचा आहे.

त्याहून बोध घेण्याजोगी कथा २००८ सालची. शस्त्रक्रियेच्या वेळी हृदयाचा ताण कमी करण्यासाठी मेटोप्रोलॉल द्यावे, ही कल्पना तर्काला इतकी पटणारी होती की अनेक ठिकाणी ती रूढही झाली होती. ८,३५१ रुग्णांच्या 'पॉइज' नामक चाचणीत दिसले ते असे: हजार लोकांना हे औषध दिले तर हृदयविकाराचे पंधरा झटके टळतात, आणि आठ मृत्यू व पक्षाघाताचे पाच झटके जास्त होतात. हृदय वाचले आणि माणूस गेला. धोका कळला की काहीतरी केलेच पाहिजे अशी जी घाई होते, ती भीतीचीच दुसरी बाजू आहे. परीक्षिताचा एकखांबी महाल याच जातीचा होता.

शस्त्रक्रियेपूर्वीच्या आकड्याचे प्रकरण याहून सोपे आहे. १९८८ साली जपानी संशोधकांना डुकराच्या मेंदूत एक द्रव्य सापडले, म्हणून त्याच्या नावात मेंदू आला; पुढे ते मुख्यतः हृदयच तयार करते असे दिसले, तरी नाव तसेच राहिले. बीएनपी या आद्याक्षरांत 'बी' आहे तो ब्रेनचा. अभ्यासकांनी नावांवर किती विसंबावे याचे हे गमतीदार उदाहरण आहे. या द्रव्याच्या जोडीने रक्तात येणाऱ्या एका तुकड्याचे प्रमाण शस्त्रक्रियेआधी मोजून, २०२० साली दहा हजारांवर रुग्णांच्या अभ्यासात, हृदयाला इजा होण्याची किंवा रक्तवाहिन्यांच्या कारणाने मृत्यू येण्याची शक्यता शंभरी पाचापासून सदतीसपर्यंत वेगवेगळी सांगता आली. हा आकडा निर्णयाआधी येतो. गुडघा बदलायचा की काठीवर चालायचे, हे ठरवताना तो माणसाच्या हाती असला पाहिजे; संमतीच्या कागदावर सही घेऊन आकडा फायलीत ठेवणे ही संमतीची थट्टा आहे. शस्त्रक्रियेनंतरचा आकडा मात्र झालेल्या गोष्टीविषयी असतो. त्याच्याशी संमतीचा संबंध नाही, राखणीचा आहे.

राखण कोणाची होणार, हा प्रश्न या देशात टाळता येत नाही. कॅनडाच्या हृदयरोगतज्ज्ञांनी २०१७ साली व युरोपच्या तज्ज्ञांनी २०२२ साली, धोका अधिक असलेल्यांत ट्रोपोनिन पाहावे असा स्पष्ट सल्ला दिला. अमेरिकेच्या २०२४च्या सल्ल्यात तेच 'करणे योग्य ठरू शकेल' अशा सावध शब्दांत आले. तालुक्याच्या गावी, जेथे शस्त्रक्रियेनंतर रात्री एक परिचारिका वीस-पंचवीस खाटा सांभाळते, तेथे हा वाद परग्रहावरचा वाटेल. तरीही तेथे इजा होतच असते. शहरातल्या रुग्णाला न दुखणारे दुखणे कळते आणि गावातल्याला ते कळत नाही, एवढाच फरक. आणि शहरात कळूनही कोणी खाटेशी थांबले नाही तर तोही फरक उरत नाही.

'व्हिजन'च्या ४०,००४ रुग्णांच्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या हिशेबात तीस दिवसांतले ७१५ मृत्यू आहेत. लोक ज्याची भीती घेतात त्या शस्त्रक्रियागृहात त्यांपैकी पाच झाले. पाचशे नंतर, त्याच मुक्कामात, खाटेवर झाले. उरलेले दोनशे दहा लोक बरे म्हणून रुग्णालयातून बाहेर पडले होते. खुब्याचे हाड जोडलेली ती स्त्रीही सहाव्या-सातव्या दिवशी घरी जाईल. टाके कधी काढायचे, चालायचे किती, कोणती गोळी जेवणाआधी, हे सगळे तिला दोनदा समजावले जाईल. ऐंशीचा तो आकडा तिच्या फायलीत, इतर तपासण्यांच्या कागदांमध्ये, चौथ्या किंवा पाचव्या पानावर असेल, आणि फाईल मुलाच्या हातातल्या पिशवीत असेल.